दाते पाहिजेत

अमेरिकेतल्या विद्यापीठांना सध्या ‘वैविध्यपूर्ण दाते’ हवे आहेत. त्यासाठी सल्लागार नेमले जातात, माहितीपत्रकावरचे चेहरे बदलतात. (सूट-टाय तेच.) १९९५ साली ओसिओला मॅकार्टी या मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय बाईंनी जन्मभर लोकांचे कपडे धुऊन साठवलेल्या पैशांतले दीड लाख डॉलर सदर्न मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे केले, गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी. बाईंची शाळा सहावीतच सुटलेली. आणि याच विद्यापीठाने १९६५पर्यंत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दारातसुद्धा उभं केलं नव्हतं. आता अशा बाईंना माजी विद्यार्थ्यांच्या कुठल्या यादीत शोधायचं? स्नेहभोजनाला कुठल्या टेबलावर बसवायचं? कुणी न मागता परस्पर पैसे देऊन मोकळं होणं सल्लागारांना परवडणारं नाही. त्यांनी मग बिल कशाचं लावायचं?