कीवर्डमामा

कीवर्डमामा चहा सांगतो तेव्हा नुसता चहा सांगत नाही. "बेस्ट कटिंग चहा शहागंज घड्याळाजवळ छत्रपती संभाजीनगर जुनं नाव औरंगाबाद," अशी ऑर्डर एका दमात सुटते. हॉटेलवाल्याला सवय झालीय. 'बेस्ट' ऐकू आलं की तो ग्लास आणून ठेवतो, पुढचं मामा घोटाघोटानं पूर्ण करतो.

असा एक मामा तुमच्याही बाजारात आहे. कालपरवापर्यंत मोबाइलची कव्हरं विकणारा, आणि आता कुणी वेबसाइट काढली म्हणताच "पहिल्या पानावर आणतो" म्हणत खुर्ची ओढून बसणारा. आमच्याच्या जिभेवर मात्र कीवर्डचं भूत आहे. मामीनं मेथी आणायला सांगितली तर हा फोनवर "ताजी स्वस्त मेथी जुडी शहागंज होलसेल?" असं खातरजमा करून घेतो. गल्लीतले एक काका वारले तेव्हा श्रद्धांजलीचा फलक मामानं लिहून दिला: 'प्रेमळ काका, अनुभवी काका, शहागंजमधील सर्वोत्तम काका'. घरचे रडता रडता थांबले.

अत्तरवाल्या चाचांची साइट मामानंच केली. पानाचं शीर्षक, खालचं वर्णन, साइटमॅप, सगळं जागच्या जागी. साइट सर्चमध्ये काही दिसेना. चाचांनी विचारलं की मामा आपल्या फोनवर साइटचा अख्खा पत्ता टाइप करायचा आणि उघडून दाखवायचा, "हे बघा, पहिलीच!" पत्ता टाकल्यावर ती उघडणारच, हे चाचांना कोण सांगणार? शेवटी कॉलेजातल्या एका पोरीनं सेटिंग उघडली. अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून 'शोधयंत्रांनी ही साइट नोंदवू नये' या चौकटीत मामानंच टिक करून ठेवली होती आणि नंतर ती काढायची राहिली होती. बावन्न दरवाज्यांच्या गावात मामानं नेमका गुगलचा दरवाजा लावून घेतला होता.

टिक निघाली आणि पुढचा तमाशा सुरू झाला. 2023 साली शहराचं नाव बदललं, पण सर्चच्या चौकटीत लोकांची बोटं सवयीनंच चालतात. मामाचं म्हणणं, "चाचा, तुमाला कळायलं नाही. लोकं जुनं नाव टाकायलेत, नवं टाकायलेत, आपून सगळीच टाकू." इथवर मामा बरोबर होता. पण औरंगाबाद बिहारमध्येही आहे, शहागंज जौनपूर जिल्ह्यात आहे आणि आग्र्यातही आहे. जौनपूरहून फोन आला, "दुकान स्टेशन के किस तरफ है?" मामा खूश. "ट्रॅफिक तर आलं ना!"

मग त्यानं इतिहासात हात घातला. मलिक अंबरनं 1610 मध्ये वसवलं तेव्हा गावाचं नाव खडकी होतं, असं कुणी तरी त्याला सांगितलं. मामानं त्याच रात्री 'अत्तर खडकी' पानभर पेरलं. दुसऱ्या आठवड्यात चाचा फोन हातात धरून आले. "मामा, पुनेवाला पूछ रहा, खडकी कँटोनमेंट से कितना दूर पडता?"

"ट्रॅफिक तर आलं ना!"

मामाला समजावणं अवघड. पानाच्या पोटात लपवलेले कीवर्ड आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गुगलनं 2009 मध्ये जाहीर केलंय. 2011 च्या पांडा अपडेटनं पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली. 2012 च्या पेंग्विननं कोंबलेले शब्द आणि विकतच्या लिंका पकडल्या. मामा हे सगळं चाचांना रंगवून सांगत होता, "पांडा आला, पेंग्विन आला..." चाचांनी शांतपणे विचारलं, "सिद्धार्थ गार्डन के झू में?"

खरं म्हणजे गुगल काढणाऱ्या पेज आणि ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेली मूळ कल्पना, दुसऱ्या साइटनं दिलेली लिंक म्हणजे शिफारस, शहागंजला आधीच ठाऊक होती. ती लग्नाच्या स्थळासारखी आहे. मुलानं स्वतःला कितीही गुणी म्हणवून घेतलं तरी उपयोग नाही, चार भल्या माणसांनी त्याचं नाव घ्यावं लागतं. चाचांच्या वडिलांकडं गिऱ्हाईक यायचं ते "अमक्यानं सांगितलं" म्हणूनच.

आता, मामाबद्दल चांगलं बोलायची इच्छा नसताना एक गोष्ट सांगावीच लागेल. दुकानं मिटायच्या वेळी हा माणूस बाजारात फिरतो. रफूवाला, गादीवाला, बांगड्यांचं एवढंसं दुकान. प्रत्येकाचं नाव, वेळ, फोन आणि फोटो नकाशावर चढवतो, चुकीच्या गल्लीत उभी असलेली खूण उचलून दारासमोर आणतो. पैसे घेत नाही. अशा वेळी मामाच्या तोंडून एकही कीवर्ड निघत नाही. 'रफू करून मिळेल', एवढंच लिहितो.

त्यातला रफूवाला गेला. पोरं दुसऱ्या धंद्यात, दुकानाला कुलूप. नकाशावर 'कायमचे बंद' असं दाखवायला एक बोट पुरतं. मामानं अजून दाबलेलं नाही. मी टोकलं, लोक हेलपाटा घालतील ना. तर म्हणाला, "फोन नंबर माझा टाकलाय. विचारलं की सांगतो. तेवढंच कुणी तरी त्याचं नाव घेतं."

तेव्हा नवी साइट काढणाऱ्यांनो, मामाचं अर्धंच ऐका. नाव, पत्ता, फोन सगळीकडं एकसारखे ठेवा, गावासोबत जिल्हा आणि राज्यही लिहा, गिऱ्हाईक जे विचारतं त्याचं सरळ उत्तर लिहा, आणि ती टिक काढली का ते बघा. बाकीच्यांनो, शहागंजात कुणाचं काम आवडलं तर नकाशावर त्याच्या नावापुढं मराठीत दोन ओळी लिहा. ते काम दुकानदाराला स्वतः करता येत नाही, आणि मामालाही.