प्रशासकाची फाइल उडवण्याचा शास्त्रोक्त विधी

लिनक्सची पॅकेजं बांधणाऱ्या होतकरू मंडळींचं एक दुःख असतं. सॉफ्टवेअर नीट चालतं तोवर बांधणाऱ्याची आठवण कोणी काढत नाही. ती रात्री साडेअकराला, तळतळून काढली जावी असं वाटत असेल, तर प्रशासकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली कॉन्फिगरेशन फाइल नाहीशी करावी.

आधी यजमान निवडावा. समजा, केळापूर तालुक्यातली एक शाळा. (तालुका केळापूर, तहसील कचेरी पांढरकवड्यात, नाव एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, याची तिथे सवय आहे. फाइल हरवली तर लोक आधी शेजारच्या फोल्डरात शोधतील.) प्रयोगशाळेत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात म्हणून संगणकाच्या सरांनी /ईटीसी/फॉन्ट्स मध्ये लोकल.कॉन्फ लिहिली आहे. फॉन्टकॉन्फिगची मुख्य फाइलच बजावते की मला हात लावू नका, तुमचे बदल लोकल.कॉन्फमध्ये करा. म्हणजे सर आज्ञाधारक. अशा माणसाची फाइल गेली की घाव खोल बसतो.

आता उघड दरोडा: आपल्या फॉन्टच्या पॅकेजात त्याच नावाची फाइल कोंबावी. पण डेबियनवर पॅकेजं बसवणारं डीपीकेजी आडवं येतं. ही फाइल तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बनवलेली दिसते, पॅकेजातही एक आहे, काय करू, असं ते सरांनाच विचारतं. सरांनी नुसतं एंटर दाबलं तरी जुनी शाबूत राहते आणि तुमची .डीपीकेजी-डिस्ट असं शेपूट लावून बाजूला बसते. बरं, पॅकेजाने दिलेली कॉन्फिगरेशन फाइल सरांनी मुद्दाम पुसली, तर पुढच्या अपग्रेडला डीपीकेजी ती परत आणत नाही. पुसणं हाही मालकाचा निर्णय मानणारं हे यंत्र आपल्या कामाचं नाही.

फेडोरावर थोडी आशा आहे. नुसतं ‘कॉन्फिग’ लिहिलंत तर सरांची फाइल .आरपीएमओरिग होऊन कोपऱ्यात जाते आणि गादीवर तुमची बसते. कंसात ‘नोरिप्लेस’ लिहिलंत की सगळं उलटतं, तुमचीच .आरपीएमन्यू होते. तो शब्द चुकूनही टंकू नये.

खरा राजमार्ग मात्र स्क्रिप्टचा. पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या पोस्टइन्स्टमध्ये एक ‘कॅट’, एक बाण, आणि सरांच्या फाइलवर तुमची अक्षरं. डीपीकेजी फक्त पॅकेजातून आलेल्या फायलींवर नजर ठेवतं. तुमच्या स्क्रिप्टने काय खरडलं ते त्याला दिसतच नाही. शिवाय डेबियनची स्वयंचलित अपग्रेड व्यवस्था कॉन्फिगरेशन फाइलीचा तसा प्रश्न उपस्थित करणारं पॅकेज मागे ठेवते. तुमची स्क्रिप्ट काहीच विचारत नाही, त्यामुळे ती शाळा बंद असताना निवांत चालते. यूसीएफ नावाचं साधन स्क्रिप्टच्या फायलींबाबतही मालकाला विचारायची सोय करून देतं. त्याच्या वाटेला जाऊ नये.

कळस पर्जच्या वेळी. पॅकेज समूळ काढताना त्याच्या डिरेक्टरीत सरांची एखादी फाइल उरली, तर डीपीकेजी ‘रिकामी नाही, म्हणून काढली नाही’ असं सांगून मागे सरतं. इतका संकोच माणसाला शोभत नाही. पॅकेज काढल्यावर चालणाऱ्या पोस्टआरएममध्ये ‘आरएम -आरएफ’ लिहावं.

दोन विघ्नं संभवतात. एक, डेबियनचं धोरण. प्रशासकाचे बदल अपग्रेडमध्ये टिकलेच पाहिजेत आणि पॅकेज काढलं तरी कॉन्फिगरेशन पर्जपर्यंत राहिलंच पाहिजे, असं त्यात आहे, तेही सक्तीच्या भाषेत. दोन, ईटीसीकीपर. सरांनी ते बसवून /ईटीसीची गिटमध्ये नोंद ठेवली असेल, तर तुमचा पराक्रम एका आज्ञेत पुसला जाईल. यजमान बदलावा.

आणि इतकं वाचून कोणाला सरांचीच दया आली असेल, तर त्याने हा विधी सोडावा. आपल्या फॉन्टचे नियम /यूएसआर/शेअर/फॉन्टकॉन्फिग खाली ठेवावेत, कॉन्फ.डी मध्ये क्रमांक घालून त्यांचा दुवा द्यावा, लोकल.कॉन्फचं नावही स्क्रिप्टमध्ये येऊ देऊ नये, आणि पोस्टआरएममध्ये ‘आरएम -आरएफ’च्या जागी ‘आरएमडीआयआर’ लिहावं. ते रिकामी डिरेक्टरीच काढतं.