घरगुती पाटबंधारे खाते

भोर-वेल्ह्याच्या मुलखाला धरणांची वाण नाही. येळवंडीवर भाटघर, नीरेवर देवघर, कानंदीवर गुंजवणी, आंबीवर पानशेत, अशी एकेका खोऱ्याला आपापली भिंत आहे. आणि धरण उशाला नि कोरड घशाला, ही तक्रारही येथे वडिलोपार्जित मिळकतीसारखी बापाकडून लेकाकडे चालत आलेली आहे. अशा प्रदेशात पाटबंधारे खात्यातून सेवानिवृत्त झालेला गृहस्थ हा मनुष्यजातीचा एक स्वतंत्र पोटभेद मानावा लागतो. त्याचा हुद्दा कोणताही असो, आळीत तो रावसाहेबच. ज्या पाण्याचा हिशेब त्याने हयातभर ठेवला, ते सारे कालव्याने बारामती-इंदापूरकडे निघून गेले. सबब आपल्या मर्जीने अडवावे आणि आपल्याच हुकुमाने सोडावे असे थोडे तरी पाणी पदरी असावे, ही वासना पेन्शनीबरोबर बळावते, आणि नातवंडांचे निमित्त पुढे करून रावसाहेब फिशटँक घरी आणतात.

मासे हे या योजनेचे केवळ लाभधारक होत. खरी योजना टाकीखालच्या कपाटात असते, आणि तिचे नाव संप. वरच्या टाकीतले जादा पाणी पीव्हीसी नळाने खालच्या काचेच्या पेटीत उतरते. तेथे स्पंज गाळ अडवतो, सच्छिद्र खड्यांवर वस्तीस असलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि पुढे ते पाणी एका काचपट्टीच्या माथ्यावरून, दुसरीच्या पायाखालून व तिसरीच्या पुन्हा माथ्यावरून जात, वाटेत बुडबुडे टाकून देत, शेवटच्या कप्प्यातील पंपापाशी शांतपणे रुजू होते, आणि पंप ते परतीच्या नळाने पुन्हा वर धाडतो. निदान आराखड्यात तरी तसे लिहिलेले असते.

या काचपट्ट्या, म्हणजे बॅफल, बसवण्याचा सोहळा प्रेक्षणीय असतो. सांध्यावरचे जुने सिलिकॉन पात्याने खरवडून, काच स्पिरिटने पुसून, गुण्या लावून, श्वास रोखून रावसाहेब नवी रेघ ओढतात; शिरक्यासारखा आंबट दर्प स्वयंपाकघरापर्यंत जातो, आणि चोवीस तास कोणीही हात लावू नये असा हुकूम सुटतो. हुकूम मोडणारे पहिले बोट, तासाभराच्या आत, खुद्द रावसाहेबांचे असते. मग पाणी भरले की बुडबुडे पंपापर्यंत पोहोचतात, म्हणून मधली पट्टी बोटभर उचलायची. ती उचलली की नळ घशात अडकल्यागत गुरगुरतो, म्हणून नळाचा एल्बो बदलायचा. आणि प्रत्येक फेरफारासाठी सौभाग्यवतींकडून सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यायची. काम पुरे झाले असते तर या माणसाचे काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

शेवटच्या कप्प्याला लाल रंगाने सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या असतात, कारण बाष्पीभवनाची घट फक्त तेथेच दिसते. वहीत रोज सकाळी नोंद पडते: आवक शून्य, विसर्ग शून्य, घट एक सेंमी.

आषाढात वरंध्याकडून वारा सुटला आणि वीज गेली की या व्यवस्थेची कसोटी लागते. पंप थांबतो, वरचे पाणी सांडव्याच्या पातळीपर्यंत खाली येते, आणि परतीच्या नळाचे तोंड खोल बुडालेले असल्याने तोही उलटा ओढू लागतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीतले दोन इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. भाटघरच्या साडेतेवीस टीएमसीपुढे क्षुल्लक, परंतु संपात तेवढी मोकळी जागा नसेल तर बैठकीच्या खोलीस पुरेसे.

“अहो, उठा! फुटलं तुमचं पानशेत!”

दुसरा कोणताही आरोप रावसाहेब सोसतील. 12 जुलै 1961 च्या धरणफुटीचा दाखला घरच्या माणसाने द्यावा, हे मात्र खात्याच्या इभ्रतीवर येते. ओल्या पायपुसण्यावर उभे राहून, मेणबत्तीच्या उजेडात, धरण फुटणे आणि सांडवा वाहणे यांतील भेद ते समजावून देतात, आणि ते ऐकत ऐकत बाई फडके पिळत असतात. दुसऱ्या दिवशी परतीच्या नळाला, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, एक बारीक भोक पडते. पातळी तेथवर उतरली की नळात हवा शिरते आणि ओढ तुटते. विश्वेश्वरय्यांनी 1903 साली खडकवासल्यास आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, त्याच परंपरेत हे भोक मोडते, असे रावसाहेबांचे नम्र मत आहे.

वेल्ह्याचा मेहुणा आला, त्याने सारे ऐकून घेतले, वाकून संप पाहिला, वर पाहिले, आणि विचारले, “दाजी, किलोला किती भरतील हो हे?”

रावसाहेब दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पण मेहुण्याची पुढची खेप झाली ती एसटीतून, मांडीवर गोधडीत गुंडाळलेली खिडकीची जुनी काच सांभाळत. आणि दारातूनच त्याने पृच्छा केली, की मधली पट्टी तळापासून नेमकी किती वर ठेवायची.