गच्चीवरील वायफायची निगा व दुरुस्ती

प्रस्तुत मार्गदर्शन मारुंजी, नेरे, जांभे आणि लक्ष्मी चौकाच्या अल्याडपल्याडच्या अशा सोसायट्यांसाठी आहे, जिथे पाणी टँकरने येते, सभासद हिंजवडीच्या आयटी पार्कात जातात आणि या दोन गोष्टींची सांगड घालायचा मोह कमिटीला आवरत नाही. मोह अनावर झाला की गच्चीवर रास्पबेरी पाय बसतो. हा तळहातावर मावणारा, एकाच बोर्डावरचा कॉम्प्युटर. टाकीच्या झाकणाला आतून सेन्सर, सेन्सरची वायर पायला, पायचा निरोप वायफायवरून राउटरला आणि तिथून सेक्रेटरींच्या मोबाइलवर: टाकी किती टक्के भरली. पूर्वी हे काम पंपवाला करायचा. टाकीवर थाप मारून आवाजावरून सांगायचा. त्याला पासवर्ड लागत नसे.

यंत्र बसल्यावर काही दिवस सगळे खूश असतात. मग एका सकाळी ते 'ऑफलाइन' होते. इथून पुढे खालील नियम लागू.

नियम पहिला. गर्दी पांगवा.

बिघाड झाला की तज्ज्ञ जमतात. बी विंगमधले क्लाउडवाले, सी विंगमधले सायबर सिक्युरिटीवाले. ए विंगमधले एक आहेत, ते नक्की काय करतात हे त्यांच्या घरच्यांनाही सांगता आलेलं नाही, पण मीटिंग तेच सुरू करतात. यातल्या एकेकाच्या भरवशावर परदेशातल्या बँका रात्रभर चालतात, हे मी नाकारत नाही. म्हणूनच पायसमोर उभं राहिल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "काका, लॉग्ज कुठे आहेत?" लॉग्ज यंत्राच्या पोटात आहेत आणि यंत्राने बोलणं टाकलंय. हे सांगितलं की म्हणतात, "मग री-इमेज मारू." म्हणजे सगळं पुसायचं आणि नवं भरायचं. मी भोसरीत कारखान्यात मेंटेनन्सला होतो. लेथ बंद पडला म्हणून 'पुसून नवा टाकू' असं कोणी म्हणाला असता, तर फोरमनने त्याच्या हातात गेटपास ठेवला असता.

तेव्हा सगळ्यांना खाली पाठवा. एकच माणूस वर ठेवा, शक्यतो मल्टिमीटर धरता येणारा. असा मिळणार नाही. मग क्लाउडवाल्याला ठेवा. त्याला वर यायला आवडतं, कारण गच्चीवर त्याचा मॅनेजर नसतो.

नियम दुसरा. आधी सप्लाय.

वायफाय गेलं की राउटरकडे बघायचं नाही, चार्जरकडे बघायचं. आमच्याकडचा पाय ३ आहे. २९ फेब्रुवारी २०१६ ला बाजारात आलेलं हे मॉडेल, अंगचं वायफाय असलेलं पहिलं. त्याला ५.१ व्होल्ट, अडीच अँपिअरचा सप्लाय द्यावा, असं बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. आम्ही काय दिलं? कोणाच्या तरी ड्रॉवरमधला जुन्या मोबाइलचा चार्जर. का, तर "पिन बसतेय ना, काका." पिन बसते. पिन कुठेही बसते. शिवाय सॉकेटपासून टाकीपर्यंत पोचावी म्हणून वायर लांब आणि परवडावी म्हणून आतून बारीक. असल्या वायरीत व्होल्टेज वाटेतच पडतं. रेझिस्टन्स पाव ओहम धरा, करंट एक अँपिअर धरा, पाव व्होल्ट गेलाच. पाचाचे पावणेपाच झाले. ४.६३ च्या खाली उतरलं की बोर्डावरचा लाल दिवा विझतो. गंमत अशी की पाय नुसता बसून असतो तेव्हा करंट कमी लागतो आणि सगळं ठीक दिसतं. वायफायवर बोलायला तोंड उघडलं की करंट वाढतो, व्होल्टेज पडतं आणि वाक्य अर्ध्यात तुटतं. तपासायला गेलं की धडधाकट, कामाला लावलं की आजारी. असे हेल्पर मी पाहिलेत.

हे सगळं क्लाउडवाल्याला समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "मला सॉफ्टवेअर इश्यू वाटतोय." ओहमचा नियम १८२७ साली छापून आला. तेव्हापासून त्याला एकही अपडेट आलेलं नाही, हे बहुधा त्याला खटकत असावं.

मोजायची रीत अशी. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब 'कॉम'मध्ये, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात. लाल प्रोब दहा अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजायला जाऊ नये. सप्लाय सरळ शॉर्ट होतो. बोर्डावर दोन रांगांत चाळीस पिना आहेत. कडेच्या रांगेत कोपऱ्यापासूनच्या पहिल्या दोन ५ व्होल्टच्या, तिसरी ग्राउंड. प्रोब आतल्या रांगेकडे घसरला तर ५ व्होल्ट ३.३ च्या पिनेत घुसतात आणि पुढचे नियम वाचायची गरज उरत नाही. आणि मोजायचं ते पाय चालू असताना, वायफायवर काम करत असताना. लोड नसताना व्होल्टेज कोणाचंही चांगलंच येतं.

मीटर नसेल तर पायला स्क्रीन लावून त्यालाच विचारता येतं. 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा द्यायची. उत्तर शून्य आलं तर सप्लाय निर्दोष. ५०००५ आलं तर या क्षणी उपाशी. ५०००० आलं तर आत्ता पोट भरलंय, पण चालू केल्यापासून कधीतरी उपास घडलाय. यंत्र स्वतःचं गाऱ्हाणं इतकं स्वच्छ सांगतं. सभासदांनी शिकण्यासारखं आहे.

नियम तिसरा. काढलेला चार्जर फेकून द्या. ड्रॉवरमध्ये ठेवू नका. तो परत येतो.

नियम चौथा. पाणी बघा.

गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या ओळीने उभ्या. पायची पेटी टाक्यांच्या पलीकडे, उन्हाला आडोसा म्हणून. वायफायचा एक्स्टेंडर अलीकडे, जिन्याच्या खोलीत. मध्ये पाणी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. रिकाम्या प्लास्टिकच्या टाकीतून त्या आरामात आरपार जातात, भरलेलीतून जात नाहीत. यातून जे निष्पन्न झालं ते कोणत्याही कमिटीला मुद्दाम जमलं नसतं. टाकी भरलेली असली की पाय मुका. पाणी उपसत आलं की त्याला कंठ फुटायचा आणि तो कळवायचा: वीस टक्के. टँकर यायचा, दहा हजार लिटर चढायचे, पाय पुन्हा मुका. मोबाइलवर मात्र शेवटचा आकडा तसाच चिकटलेला: वीस टक्के. सेक्रेटरी दुसरा टँकर बोलवायचे. मग पाणी जिन्यावरून खाली यायला लागलं की ग्रुपवर बिल्डरच्या वॉटरप्रूफिंगचा उद्धार सुरू व्हायचा.

हे कोणाच्या लक्षात का आलं नाही? कारण बातमी पटण्यासारखी होती. मारुंजीत मोबाइलने सांगितलं की टाकी रिकामी आहे, तर माणूस मान डोलावतो. टाकी भरलेली आहे असं सांगितलं असतं, तर दहा जण खात्री करायला गच्चीवर धावले असते आणि दोष त्याच दिवशी सापडला असता.

सिग्नल मोजता येतो, अंदाजाने बोलायची गरज नाही. 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन-झीरो लिंक' म्हटलं की उणे आकडा मिळतो. उणे ६० उत्तम, उणे ७० पर्यंत निभतं, उणे ८० ला आशा सोडावी. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते, तेव्हा 'दहाच कमी आहे ना' असं म्हणणाऱ्याला बसवून गणित शिकवावं. मोजमाप टाकी काठोकाठ भरलेली असताना घ्यायचं; रिकाम्या टाकीवेळी घेतलेलं मोजमाप म्हणजे लोड नसताना मोजलेलं व्होल्टेज. पेटी एक्स्टेंडरच्या बाजूला, टाक्यांपेक्षा उंच लावावी. आणि पेटी पत्र्याची नको. मला स्वतःला पावडर कोटिंग केलेली पत्र्याची पेटी फार आवडते, काय फिनिश असतं! पण पायचा अँटेना बोर्डावरच असतो आणि पत्र्यात कोंडला की बाहेर आवाज येत नाही. प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स घ्या, वायर खालून आत न्या, नाहीतर पहिल्याच पावसात ग्लँडमधून पाणी शिरेल.

नियम पाचवा. यंत्राला आपण कुठे आहोत हे माहीत आहे का, ते विचारा.

कोणत्या चॅनेलवर बोलायची मुभा आहे हे देशागणिक बदलतं, म्हणून पायला देश सांगावा लागतो. भारतात २.४ चा पट्टा २००५ पासून परवान्याविना खुला आहे. चॅनेल १ ते १३. अमेरिकेत कारभार ११ वर थांबतो. आमचा पाय ज्याने तयार केला तो नुकताच ऑनसाइटहून परतलेला. त्याने सवयीने यूएस निवडलं. राउटर 'ऑटो'वर होता. एका रात्री त्याने १३ नंबर पकडला. झालं. नेटवर्क वॉचमनच्या मोबाइलला दिसतंय, पायला दिसत नाही. देह मारुंजीत, मन न्यू जर्सीत. असे सभासदही आहेत, पण ते मेंटेनन्स वेळेवर भरतात.

उपाय: 'रास्पी-कॉन्फिग'मध्ये वायफायचा देश आयएन करा. आणि राउटरचं 'ऑटो' काढून त्याला १, ६ किंवा ११ वर बांधून टाका. एवढे तीनच चॅनेल एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत. फ्लॅटागणिक एक राउटर असलेल्या इमारतीत तीनही भरलेलेच असतात. त्यातल्या त्यात कमी गजबजलेला घ्यावा.

नियम सहावा. राउटरचं २.४ बंद करू नका. पाय ३ ला ५ गिगाहर्ट्झ ऐकू येत नाही. जिममध्ये सिनेमा अडखळला तरी चालेल, टाकी महत्त्वाची.

नियम सातवा. वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद ठेवा. टँकरला चोवीस तास जागं राहावं लागतं, पायलाही लागेल.

नियम आठवा. तार कुठे तुटली ते शोधेपर्यंत कशालाही हात लावू नका.

आधी पायचा पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, यंत्राने स्वतःच स्वतःला चिकटवलाय. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पुढे चला. राउटरला पिंग करा. उत्तर नाही? दोष गच्चीवर आहे, खाली जाऊ नका. उत्तर आलं? मग ८.८.८.८ ला पिंग करा. तिथून उत्तर नाही, तर दोष ब्रॉडबँडचा. आता खाली जा, कस्टमर केअरचं संगीत ऐका. आकड्यांना उत्तर येतंय आणि नावाला येत नाही, तर फक्त डीएनएस बिघडलाय. तीन पायऱ्या. कंट्रोल पॅनलमध्ये टेस्टर घेऊन फेज कुठपर्यंत येतो ते बघत जातो, तेवढंच.

पण हे करायला धीर लागतो. आमच्याकडे चौघे चार लॅपटॉपवरून एकाच वेळी चार गोष्टी बदलतात. एक पासवर्ड बदलतो, दुसरा चॅनेल, तिसरा राउटर रीस्टार्ट करतो, चौथा २०१९ सालचा सल्ला वाचून कार्डावर 'डब्ल्यूपीए सप्लिकंट'ची फाइल टाकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुकवर्म नावाची आवृत्ती आली, तेव्हापासून सगळा कारभार नेटवर्क मॅनेजरकडे गेलाय. तशी टाकलेली फाइल पाय ढुंकूनही बघत नाही. 'एनएमटीयूआय' लिहा, साधा मेनू उघडतो, त्यात नेटवर्क निवडा. तर अशा चार बदलांनंतर यंत्र सुरू होतं. कशाने झालं ते कोणालाच कळत नाही आणि ग्रुपवर चौघांचेही 'फिक्स्ड' म्हणून मेसेज येतात. पुढच्या बिघाडाला पुन्हा पहिल्यापासून.

नियम नववा. वही.

जिन्याच्या खोलीत सुतळीने बांधलेली वही आहे. मीच बांधली. रकाने: तारीख, काय दिसलं, काय मोजलं, काय बदललं, सही. पहिली कित्येक पानं वाचवत नाहीत. 'टेस्टिंग.' 'चेक केलं.' 'वर्किंग फाइन नाऊ.' एका पानावर कोणाच्या तरी मुलाने हत्ती काढलाय; त्यात निदान मेहनत दिसते. सायबर सिक्युरिटीवाल्यांनी तर सही करायलाच नकार दिला, वहीला कुलूप नाही म्हणून.

मग पावसाळ्यात एक नोंद सापडली. 'रात्री १.४०. ऑफलाइन. लाल दिवा बंद. पिनांवर ४.५८ व्होल्ट. चार्जर बघितला, जुनाच कोणीतरी परत लावलेला. बदलला. लोडवर ५.०८. जुना चार्जर कात्रीने तोडला.' खाली सही, बी विंग. अमेरिकेचा कॉल संपवून हा पोरगा बर्म्युडावर गच्चीत आला, माझा मीटर घेऊन गेला, एकच गोष्ट बदलली आणि लिहून ठेवली. ग्रुपवर मेसेजसुद्धा टाकला नाही. कारखान्यात असता तर मी त्याला सेकंड शिफ्ट एकट्याने सांभाळायला दिली असती. नोंदीखाली इनिशियल केलं. तोंडावर काही बोललो नाही, कारण मीटर त्याने अजून परत केलेला नाही.

वार्षिक सभेत आता लिफ्टही वायफायवर आणायचा ठराव येतोय असं कळतं. त्याचं मार्गदर्शन ए विंगने लिहावं. मी सातव्या मजल्यावर राहतो. मी विरोधात हात वर करणार आहे.