नानांना कॉर्फ कॅसल दाखवण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्याने उभा जन्म सह्याद्रीतले गड चढण्यात घालवला, त्याला इंग्लंडच्या डॉर्सेटमधला कॉर्फ कॅसल दाखवावा की नाही, याबद्दल दोन मते आहेत. दाखवू नये हे माझे, आणि निघायचं कधी हे नानांचे.

गाडी गावात घालू नये. नॉर्डन स्टेशनपाशी लावून वाफेच्या आगगाडीने एक स्टेशन जावे. इंजिनाचा धूर नाकात गेला की नाना बरेच नरमतात.

तिकिटाच्या खिडकीशी 'एवढीशी टेकडी?' असा प्रश्न येईल. गप्प राहावे. 'राजगडाच्या बालेकिल्ल्यापुढे' असे वाक्य सुरू झाले तर पुरे होऊ द्यावे. मध्येच तोडल्यास ते पहिल्यापासून सुरू होते.

सनावळी जपून वापरावी. किल्ला 1646 साली पडला, एवढंच मी म्हणालो. 'म्हणजे महाराजांनी तोरणा घेतला त्याच सुमारास!' झालं. पुढचा तोरणा एका इंग्रज जोडप्यानेही अदबीने उभे राहून, मराठीत ऐकला.

मात्र किल्ल्याची मालकीण लेडी मेरी बँक्स हिची हकिगत अवश्य सांगावी. राजा आणि संसद यांच्या यादवीत ती राजाच्या बाजूची. संसदेच्या सैन्याने घातलेल्या 1643 च्या वेढ्यात मूठभर माणसांनिशी ही बाई तटावरून दगड आणि निखारे ओतत लढली. दुसऱ्या वेढ्यात तिच्याच एका अधिकाऱ्याने कुमक म्हणून शत्रूचे शिपाई आत घेतले. 'फितुरी!' नाना ओरडले, आणि त्या क्षणापासून किल्ला त्यांच्या घरचा झाला.

संसदेने नंतर सुरुंग लावून तो उडवला. एका दरवाजाचा अर्धा भाग उतारावर चांगला पुरुषभर खाली घसरलाय, पण उभा आहे. नानांनी त्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. 'चुना चांगला मळला होता हो,' म्हणाले. इंग्रजांची याहून मोठी स्तुती त्यांच्या तोंडून मी ऐकलेली नाही.

पाडलेले दगड गावकऱ्यांनी घरांना वापरले, हे गावातून बाहेर पडल्यावरच सांगावे. नाहीतर नाना लोकांच्या खिडक्यांखाली घडीव चिरे शोधत वाकतात.

स्कोनबरोबर येणाऱ्या घट्ट क्रीमला ते साय म्हणतात आणि वर साखर मागतात. द्यावी.

गावात किल्ल्याची आणि गावाची विसाव्या हिश्श्याची प्रतिकृती आहे, पडझडीपूर्वीची. तिथे शेवटी न्यावे, पण चहा आधी उरकावा. कारण नाना तिथे गुडघ्यावर बसून शिडी कुठे लावायची, मोर्चे कुठे बांधायचे हे दाखवायला लागले, की चहाची दुकानं बंद होईपर्यंत उठत नाहीत.