मालक होण्याचे वर्ग

अमेरिकेला गेलेला मराठी माणूस भांडी घासायला शिकतो, सिंगापूरला गेलेला मालक व्हायला शिकतो. यातलं पहिलं काम कितीतरी सोपं. दुसऱ्यासाठी सरकार वर्ग घेतं. थट्टा करत नाही. घरकामाला पहिल्यांदाच परदेशी बाई ठेवणाऱ्याला इथे तीनेक तासांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तिला झोपायला जागा कशी हवी, पोटभर जेवण म्हणजे किती, पगार कधी हातात पडला पाहिजे, सगळं शिकवतात. डोंबिवलीतही आमच्याकडे वर्ग व्हायचे, फक्त ते बाई घ्यायच्या. ‘वहिनी, कुकर रात्रीच भिजत घालत जा, मी काय हात झिजवायला येते का?’ एवढा एकच धडा, आणि तो रोज.

बायकांनी नोकरीला बाहेर पडावं म्हणून सिंगापूर सरकारनं १९७८ मध्ये परदेशी मोलकरणी आणायला परवानगी दिली. आज त्यांची संख्या अडीच लाखांच्या वर आहे. फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि म्यानमारच्या जास्त, थोड्या आपल्याकडच्याही. बाई ठेवली की तिच्या पगाराशिवाय सरकारला ‘लेव्ही’ भरावी लागते. इथल्या नागरिकाच्या घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर महिना ६० सिंगापुरी डॉलर, आमच्यासारख्या उपऱ्यांना ३००. म्हणजे एकही भांडं न घासता सरकार आमच्याकडून महिन्याला ३०० डॉलर नेतं, आणि खाडे तर अजिबात करत नाही. शिवाय ५,००० डॉलरचा हमीरोखा. बाई बेपत्ता झाली आणि आपण हलगर्जीपणा केला असं ठरलं, की तो जप्त होऊ शकतो. हे ऐकून सासूबाई गार पडल्या. आमच्या डोंबिवलीच्या बाई दर चैत्रात जत्रेला म्हणून बेपत्ता होत. असा कायदा तिकडे असता तर आम्ही केव्हाच धुळीला मिळालो असतो.

बाई मिळते एजन्सीत. कटाँग शॉपिंग सेंटरसारख्या जुन्या इमारतींत एजन्सींच्या रांगाच असतात. आमच्या एजंटाला (कुठला ते सोडा) ‘नाही’ म्हणता येत नसे. स्वयंपाक? ‘कॅन.’ शाकाहारी? ‘कॅन.’ लहान मूल, सासू, कांदा-लसूण न घालता चतुर्थीचा नैवेद्य? ‘कॅन, कॅन, कॅन.’ मग त्यानं बायोडेटांचा गठ्ठा पुढे सरकवला. वय, उंची, वजन, धर्म, भावंडं किती, मुलं किती, डुकराचं मांस हाताळणार का. सासूबाईंनी चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाल्या, ‘पत्रिका तेवढी राहिली.’

पुढचा कार्यक्रम कांदेपोह्यांचाच होता, फक्त मुलगी कोण याचा घोळ झाला. पूर्व जावाची, तिशीतली, याआधी इथल्याच एका चिनी घरात काम केलेली बाई समोर बसली आणि तिनंच विचारायला सुरुवात केली. घरात माणसं किती? कुत्रा आहे? आजी कायमच्या की पाहुण्या? रविवारी सुट्टी? फोन रात्री माझ्याकडेच राहणार ना? आम्ही दोघं सरसावून उत्तरं देत होतो. नवरा तर ‘मला स्वयंपाकाची आवड आहे’ असं आपण होऊन बोलून गेला. तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि आम्ही पसंत पडलो. (तिचं नाव छापायचं नाही असं तिनं बजावलंय. घरात तिचं ऐकतात.)

याच टेबलावर एक कागद असतो, त्यावर मात्र कुणी विनोद करत नाही. बाईला इथे आणण्याचा खर्च तिच्या नावावर कर्ज म्हणून लिहिलेला असतो आणि पहिले काही महिने तो पगारातून कापला जातो. आपल्या दोन मुलांना आजीकडे ठेवून आलेली बाई दुसऱ्याचं मूल कडेवर घेते, आणि सुरुवातीला त्याबद्दल तिच्या हातात जवळजवळ काहीच पडत नाही. वर दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी, त्यात गरोदर तर नाही ना हेही बघतात. असली तर नोकरी जाते आणि देश सोडावा लागतो. ‘घरातलीच एक’ असं आम्ही इथल्या मराठी मंडळातल्या बायका कौतुकानं म्हणतो. घरातल्या कुणाची अशी तपासणी कुणी केली तर आपण पोलिसात जाऊ.

तिची खोली स्वयंपाकघराला लागून. बऱ्याच नव्या इमारतींत घरटी एक जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली कायद्यानं बांधावी लागते. बॉम्ब पडले तर कुटुंबानं तिथे जायचं. एरवी पुष्कळ घरांत तिथे बाई झोपते. आमच्याही. म्हणजे उद्या युद्ध पेटलंच तर आम्ही सगळे जीव मुठीत धरून तिच्या दारावर टकटक करणार, आणि ती विचारणार, ‘चपला बाहेर काढल्या?’

खिडक्यांचा नियम वेगळा. उंच मजल्यांवरून खिडक्या पुसताना पडून बायकांचे जीव गेले, तेव्हा २०१२ मध्ये ठरलं की बाहेरच्या बाजूनं काच पुसायची तर खिडकीला कुलूपबंद जाळी हवी आणि शेजारी मोठं माणूस उभं हवं. आमच्या खिडक्यांना जाळी नाही. त्यामुळे शनिवारी नवरा पुसतो आणि ती खुर्चीवर बसून देखरेख करते. ‘सर, कोपरा.’ नवरा कोपरा पुसतो. ‘सर, दुसरा कोपरा.’ सासूबाईंना हे पाहवत नाही. त्या देवासमोर जाऊन बसतात.

एरवी त्या दोघींचं उत्तम जमतं. सासूबाई मोठ्यानं मराठीत बोलतात, ती हळू आवाजात तिच्या भाषेत उत्तर देते, आणि टेक्का मार्केटातून कोथिंबीर, कढीपत्ता आणि सुरमई बरोबर घरी येते. डोंबिवली सुटल्यावर सासूबाईंना सगळ्यात जास्त काय चुकलं असेल, तर बाईंबरोबर येणाऱ्या खबरा. चार दिवसांत ती सोय इथेही झाली. संध्याकाळी सगळ्या मजल्यांवरच्या बाया मुलांना खेळायला घेऊन खाली उतरतात, आणि मुलं खेळत असताना कॉन्डोचा इतिहास लिहिला जातो. बाराव्या मजल्यावरचे अंडी मोजून ठेवतात. सातव्यावरच्या सरांची नोकरी गेली, मॅमना अजून माहीत नाही. सासूबाई रोज रात्री आम्हाला ही बातमीपत्रं वाचून दाखवत आणि आम्ही चवीनं ऐकत असू. मग एकदा लिफ्टमध्ये अनोळखी बाई मला बघून हसली आणि शेजारणीला म्हणाली, ‘फोर व्हिसल.’ आमच्या कुकरच्या चार शिट्ट्या कॉन्डोत गाजत होत्या. तेव्हा लक्षात आलं, बातम्या वरूनही खाली जातात. त्या दिवसापासून आम्ही नवरा-बायको भांडायला गाडीत जाऊन बसतो.

रविवार तिचा. २०१३ पासून आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, पण जादा पैसे देऊन तिच्या संमतीनं ती विकत घेता येई. संमती कशी मिळते हे कुणाला सांगायला नको. म्हणून २०२३ पासून महिन्यातला निदान एक दिवस कुठल्याही किमतीला विकत घेता येत नाही. आमची ती चारही रविवार जाते. फिलिपिनो बायांचा अड्डा ऑर्चर्ड रोडवरचा लकी प्लाझा, ब्रह्मी मंडळींचा पेनिन्सुला प्लाझा, हिच्या मैत्रिणी पाया लेबारला जमतात. सकाळी लोखंडी दार उघडून ती बाहेर येते ती जीन्स, टाचांचे बूट आणि लाल लिपस्टिकमध्ये. सासूबाई तिची दृष्ट काढतात. मी आदल्या दिवशीच्या गाऊनमध्ये दार लावून घेते.

आणि मग नवरा मिसळ करायला घेतो. मटकीला मोड त्यानं शुक्रवारपासून आणलेले असतात. लिंबू पिळायला एक चमचा, मीठ चाखायला दुसरा, ‘तर्री आली का’ बघायला पळी. वाटणाचं भांडं, खोबरं भाजलेला तवा, करपलेलं खोबरं लपवायला दुसरा तवा. फरसाण मुस्तफाच्या दुकानातून. मिसळ झकास होते, नाही म्हणवत नाही. पण सोमवारी सकाळी ती शेगडीवरचे तेलाचे लाल शिंतोडे बघते, चिमणीकडे बघते, तिच्याही वर छताकडे बघते, आणि एक अक्षर बोलत नाही. डोंबिवलीच्या बाई बोलायच्या, त्यामुळे निभावत असे.

तिच्या परमिटची मुदत दोन वर्षांची. ती संपत आली तशी एका रात्री तिनं आम्हाला डायनिंग टेबलाशी बसवलं. कागदावर पगाराचे दोन आकडे लिहिले होते. लहान आकड्यावर बोट ठेवून ती म्हणाली, ‘सर नो कुक संडे.’ मग मोठ्यावर. ‘सर कुक.’

मी लहान आकड्याखाली रेघ मारली. नवऱ्यानं कागद स्वतःकडे ओढला, मोबाइलवर बराच वेळ हिशेब केला आणि म्हणाला, ‘मोठाही तसा परवडेल.’