भरतीबाई, जरा उशिरा या!

सौ. भरतीबाई अरबीसमुद्रे,
मु. पो. वरळी, मुंबई, यांस

स. न. वि. वि.

आपल्या वक्तशीरपणाविरुद्ध ही लेखी तक्रार. या शहरात लोकल वेळेवर येत नाही, बस येत नाही, नळाचं पाणीही येत नाही. आपण मात्र दिवसातून दोनदा, ठरल्या मिनिटाला हजर! साडेचार मीटरच्या वर उसळणाऱ्या भरत्यांची यादी तर पावसाळ्याआधीच तारीखवार पेपरात छापून येते. एवढं आगाऊ कळवून कुणी येतं का, बाईसाहेब? आणि तरी आपण आलात की महापालिकेचे साहेबलोक दचकतात ते दचकतातच.

आमची अडचण समजून घ्या. इंग्रजांच्या काळातली गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसापुरती, तीही ओहोटी असेल तरच. त्यांची बहुतेक तोंडं आपल्या पातळीच्या खाली. आपण आलात की पाणी बाहेर पडायचं सोडून उलटं आत येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि आपण नेमक्या त्याच दुपारी दारात! (कुलाब्याला त्या दिवशी जेमतेम ७३. पावसाला ताळतंत्र नसतं, हे मान्य.)

ताशी ५० मिलिमीटरचा निचरा आणि समुद्रकाठी पंप, हे सगळं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ चा. कामाची खरी घाई सुरू झाली ती २००५ नंतर. पाहुणे जेवून गेल्यावर चूल पेटवायची, ही आमची जुनी रीत.

माझं कापडाचं दुकान हिंदमाता या सखल भागात, अगदी बशीच्या तळाशी. जून लागला की खालच्या फळीवरचे तागे वर चढतात. उंबऱ्यावर दोन विटांचा बांध घातलाय, पण रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना बस गेली की तिची लाट बांध ओलांडून थेट गादीवर! आपल्यापेक्षा बसवाल्याचा समुद्र वाईट. आता प्रमोद महाजन कलापार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या केल्यात. आपण माघारी फिरेपर्यंत पाणी तिथे कोंडून ठेवतात. फरक पडलाय, खोटं कशाला बोलू?

गव्हर्नर हॉर्नबीसाहेबानं अठराव्या शतकात वरळीजवळ बांध घालून आपली वाट अडवली, पुढे मिठी नदीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. ती जुनी भाऊबंदकी आता उकरून काढू नये.

तेव्हा जुलै-ऑगस्टमधल्या अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरत्या आपण मार्चमध्येच उरकून घ्याव्यात. ते जमत नसेल, तर यंदाची यादी साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन द्यावी. पेपर ते वाचत नसावेत.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
हिंदमाताचा एक कापडवाला